मास्तर, पाय वर घ्या!

वसई-विरारमध्ये गाडी चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या लायसन्सवर फोटो त्यांचा आहे, सही त्यांची आहे, पण परीक्षा माझ्या पायांनी दिलेली आहे. हे आता छातीठोकपणे सांगायला हरकत नाही. आचोळ्याच्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड उतरवून वर्ष झालं, आणि आमच्या हिने तो उलटा करून गच्चीत त्यावर पापड वाळत घातले आहेत. सत्तावीस वर्षांच्या कारकिर्दीवर उडदाचे पापड! असो, कुरकुरीत होतात.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी समजली पाहिजे. शिकवायच्या गाडीत शिकणारा उजवीकडे बसतो आणि मास्तर डावीकडे. मास्तरच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. हे जादा पेडल संकटासाठी. समोर म्हैस आली, शिकणाऱ्याने घाबरून डोळे मिटले, तर मास्तरने ब्रेक दाबायचा आणि म्हैस, विद्यार्थी, गाडी या क्रमाने सगळ्यांना वाचवायचं. एरवी मास्तरचे पाय मोकळे असले पाहिजेत.

माझे कधीच नसत. विद्यार्थ्याने क्लच धसकन सोडला की गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडते. नालासोपाऱ्याच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली, तर मागचे रिक्षावाले हॉर्नच वाजवत नाहीत, थेट खानदानापर्यंत पोचतात. मग विद्यार्थी रडवेला होतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून मी हळूच, वरती चेहरा वाऱ्यावर सोडून, खालून क्लच सांभाळायचो. गाडी लोण्यासारखी निघायची. विद्यार्थी ओरडायचा, "मास्तर, आज एकदाही बंद नाही पाडली!" त्याचा तो फुललेला चेहरा बघून खरं सांगायची हिंमत कोणाची होणार? "शाब्बास," मी म्हणायचो. ती शाबासकी खरं तर मी माझ्या डाव्या पायाला देत असे.

आणि मी स्वतः गाडी कशी चालवायचो? चपळ! दोन रिक्षांमध्ये मांजर जाईल एवढी फट दिसली की माझी गाडी त्यात. मला वाटायचं, याला कौशल्य म्हणतात. एकदा गोखिवऱ्याहून चंदनसारपर्यंत मी डावीकडे वळण्याचा दिवा लावून सरळ गेलो होतो. मागे एक मोटारसायकलवाला होता. बिचारा प्रत्येक फाट्यावर वेग कमी करून वाट बघत होता, मास्तर आता वळतील, मग वळतील. शेवटी शेजारी येऊन म्हणाला, "काका, देवाशप्पथ, एकदाच कुठंतरी वळा!"

दुसरी सवय आणखी भारी. गोखिवऱ्याला एका वळणावर गणपतीचं छोटं देऊळ आहे. तिथे आलं की माझा ब्रेक थोडा दाबला जायचा आणि उजवा हात छातीशी जाऊन कपाळाला लागायचा. मागच्या गाडीला हे माहीत नसायचं. तिला वाटायचं, पुढे खड्डा आहे की काय. दोनदा मागून बंपरला धक्का बसला आणि दोन्ही वेळा मी उतरून भांडलो की तुम्हाला अंतर ठेवता येत नाही का. मग एक दिवस माझे विद्यार्थी अन्वरभाई, तिथलेच कारखानदार, बरोबर त्या वळणावर ब्रेक दाबून हात छातीला आणि कपाळाला लावताना मी पाहिले. "अन्वरभाई, तुम्ही?" मी चाट पडलो. ते म्हणाले, "तुम्ही रोज करता ना मास्तर. मला वाटलं, या वळणाचा काहीतरी सिग्नल आहे. परीक्षेत विचारतील."

शिकवलेलं विद्यार्थी विसरतात. न शिकवलेलं मात्र बरोबर उचलतात. हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही. त्यासाठी फिलोमिना टीचरांना यावं लागलं.

टीचर गिरीजच्या. छत्तीस वर्षं गावातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. वय साठीच्या वर, पांढरी कडक साडी, खांद्याला पर्स, आणि आवाज असा की माझ्या कार्यालयात शिरून त्यांनी नुसतं "नमस्कार" म्हटलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"मास्तर, मला गाडी शिकायची आहे. तीन आठवड्यांत. शिकाऊ लायसन्स मी आधीच काढून ठेवलंय."

"टीचर, गिरीजहून एवढ्या लांब आचोळ्याला? तुमच्याकडे दोन स्कूल आहेत की."

"दोन्ही माझ्याच विद्यार्थ्यांची. एकाला मी चौथीत अंगठे धरून उभं केलेलं आहे. दुसऱ्याला दर आठवड्याला." त्यांनी पर्स मांडीवर ठेवली. "तुम्ही माझ्या हाताखालून गेलेले नाहीत ना?"

"नाही टीचर." हे सांगताना मला सुटल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांचे यजमान बस्त्यावकाका. तरुणपणापासून टेम्पोवर, गिरीज, निर्मळच्या वाड्यांतला मोगरा, सोनटक्का, केळी, पानं पहाटे दादरला पोचवायचे. साखरेच्या आजारात आधी डोळे गेले, आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. मग मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन सकाळी वसईच्या हॉस्पिटलात डायलिसिस. तिथून निघताना माणूस पिळून काढलेल्या फडक्यासारखा होतो, रिक्षाचे धक्के सोसत नाहीत. पावसात एकदा रिक्षाच मिळाली नाही, पाळी चुकली, तर रात्रभर काका उशीला टेकून बसून श्वास ओढत होते. मुलगा कॅनडात. आतापर्यंत भाचा त्यांच्याच गाडीतून नेत-आणत होता. तो आता महिनाअखेरीस जहाजावर नोकरीला निघणार होता.

"गाडी दारात आंब्याखाली उभी आहे," टीचर म्हणाल्या. "चालवणारं माणूस नाही. म्हणून मीच ते माणूस व्हायचं ठरवलंय."

मी म्हटलं, "टीचर, तीन आठवड्यांत तुम्हाला लायसन्स मिळवून देतो. माझा शब्द." बघा हं, मी 'लायसन्स' म्हणालो. 'गाडी चालवायला शिकवतो' असं म्हणालोच नाही. तोंडाने खरं बोललो होतो, एवढंच समाधान.

टीचर झपाट्याने शिकल्या. म्हणजे माझे पाय झपाट्याने कामाला लागले. शिकण्यात त्यांची एकच अडचण होती. गिरीजपासून पुढे दर वळणावर क्रूस. पांढरा रंगवलेला, पुढ्यात फुलं. प्रत्येक क्रूसापाशी टीचरांचा उजवा हात स्टिअरिंग सोडून कपाळाकडे निघायचा. गाडी तेवढ्यात डावीकडे गटाराच्या दर्शनाला.

"टीचर, हात!"

"पण मास्तर, साठ वर्षांची सवय आहे."

आता या बाबतीत उपदेश करायला वसई तालुक्यात माझ्याइतका नालायक माणूस नव्हता. पण टीचरांनीच उपाय काढला. गाडी सुरू करण्याआधी हात जोडून म्हणाल्या, "वाटेतल्या सगळ्या क्रूसांचं आत्ताच एकदम." आणि खरोखर त्या दिवसापासून हात हलला नाही. मी घरी जाऊन हिला सांगितलं, उद्यापासून गोखिवऱ्याच्या गणपतीला मी आचोळ्यातूनच नमस्कार करणार. ही म्हणाली, "त्यालाही जरा निवांत वाटेल."

अठरा दिवस झाले. टीचर खूश. "मास्तर, एकदाही बंद नाही!" शुक्रवारी विरारला टेस्ट.

टेस्टच्या मैदानात आठ आकड्यासारखा वळणाचा रस्ता असतो आणि शेवटी एक चढ. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची. ज्याला हे जमलं, त्याला क्लच समजला. साहेब त्या दिवशी नवे होते. तरुण, शांत, इस्त्रीचा शर्ट. ते मागच्या सीटवर बसले, टीचर स्टिअरिंगवर, मी नेहमीप्रमाणे डावीकडे, चेहऱ्यावर वारा. गाडी निघणार एवढ्यात मागून मऊ आवाज आला.

"मास्तर, तुम्हाला मांडी घालून बसता येतं का?"

"येतं की साहेब! घरी जेवायला रोज तसाच बसतो." मी कौतुकाने सांगितलं.

"मग बसा ना. सीटवरच. पाय वर घ्या."

वाचकहो, एवढ्या वर्षांत माझ्या पायांना कोणी असं विचारलं नव्हतं. मी बूट काढले, मांडी घातली. डॅशबोर्ड गुडघ्यांना टेकला. सत्यनारायणाला बसावं तसा मी गाडीत बसलो आणि टीचरांनी, काही कल्पना नसलेल्या त्या भल्या बाईंनी, क्लच सोडला.

बेडूक!

गाडी बंद. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. तिसऱ्यांदा कशीबशी निघाली, आठमधून गेली, चढावर चढली. टीचरांनी थांबवली. पुन्हा काढायला गेल्या आणि गाडी बंद पडून मागे घसरायला लागली. टीचर ओरडल्या, "मास्तर, हिला काय झालं?" मी पाय सोडवायला गेलो, तर एक पाय दुसऱ्यात अडकलेला. शेवटी साहेबांनीच मागून वाकून हँडब्रेक ओढला.

"पुढच्या शुक्रवारी या," ते टीचरांना आदराने म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

मैदानाबाहेर उसाच्या रसाचं दुकान होतं. टीचरांनी दोन ग्लास सांगितले. घुंगरं वाजत होती, आणि टीचर वर्गात बघतात तशा माझ्याकडे बघत होत्या.

"मास्तर, एक विचारते. गेले अठरा दिवस गाडी कोण चालवत होतं?"

"आपण दोघं, टीचर."

"त्यात माझं काय काय होतं?"

मी रसाकडे बघत म्हणालो, "स्टिअरिंग. आणि हॉर्न."

टीचर हळू आवाजात म्हणाल्या, "पोराच्या पेपरात स्वतः उत्तरं लिहिणारा मास्तर आमच्या शाळेतही एक होता. सगळ्यांचा लाडका होता हो. त्याची पोरं पुढच्या इयत्तेत माझ्याकडे यायची. एकालाही भागाकार यायचा नाही." ग्लास खाली ठेवला. "मी पास झाले असते, तर पुढच्या शनिवारी मी बस्त्यावला मागे बसवून निघाले असते. वसईच्या रस्त्यावर. आमच्या गाडीला तुमचे पाय नाहीत, मास्तर."

आतापर्यंत मी तुम्हाला हसवतोय, पण तेव्हा माझा रस ग्लासातच राहिला. डोळ्यांपुढे चेहरे यायला लागले. एकदाही बंद न पाडलेले, फुललेले. कुठे कुठे असतील ते सगळे, कोणकोणत्या चढांवर!

भाचा पुढच्या शनिवारी सकाळी निघणार होता. दुसरी टेस्ट त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. मध्ये एकच आठवडा.

"टीचर," मी म्हटलं, "उद्या काकांची हॉस्पिटलची पाळी. रविवारपासून मी मांडी घालूनच बसणार."

रविवारी दुपारी मी स्कूलची गाडी घेऊन गिरीजला पोचलो, तर अंगणात बस्त्यावकाका काठी घेऊन तयार. अंगावर धुवट सदरा, गळ्यात रोजरी, म्हणजे क्रूसाची जपमाळ. "मी पन येतो," म्हणाले. "मागं बसतो. हॉस्पिटल सोडून टेम्पोवाल्याला गाडीत बसवत नाय कोन आता, म्हणतात डोळे नाय. अरे, बसायला डोळे कशाला?"

टीचर स्टिअरिंगकडे निघाल्या तशी काकांनी काठी आडवी धरली. "थांब फिलू. आधी मास्तरना चालवू दे. बघू मास्तर कसा चालवतो."

मला तर संधीच! मी बाह्या सरसावल्या आणि माझं सगळं कौशल्य दाखवलं. गिरीजहून वसईच्या पार नाक्याला आणि परत. दोन रिक्षांमधून काढली, एका एसटीला डावीकडून मागे टाकलं, सायकलवाल्याच्या अगदी जवळ जाऊन कच्चकन ब्रेक मारून दाखवला. एका हाताने! परत अंगणात आणून उभी केली आणि टाळीची वाट बघत मागे वळलो. काका वरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. गळ्यातली रोजरी आता दातांत होती.

ती काढून ते म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. मला दिसत नाय, म्हणून मी पोटानं बघतो. फिलू पोळ्या लाटते का भाकऱ्या थापते, मला आवाजावरनं समजतं. पन तुमच्या गाडीत पोटाला काय समजतच नाय. कधी वळनार, कधी थांबनार. तुम्हाला तरी आधी समजतं का?"

टीचरांनी तोंडाला पदर लावला.

"टेम्पोत माझ्या मागं मोगऱ्याच्या करंड्या असायच्या, एकावर एक," काका सांगायला लागले. "कच्चकन ब्रेक मारला की वरची करंडी खाली. मोगरा दुखावतो, दादरला पोचेपर्यंत काळा पडतो. म्हणून मी लांबूनच ठरवायचो. इथं थांबनार म्हणजे थांबनार. मागच्याला आधी दिवा दाखवायचा, मग पाय हलका करायचा, मग ब्रेक. मागच्याला समजलं पायजे, पुढच्याला समजलं पायजे, आनि करंडीला पन समजलं पायजे."

इतकी वर्षं मी पाट्या वाचून दाखवत होतो, नियम पाठ करून घेत होतो. गाडी चालवणं म्हणजे आपण पुढे काय करणार ते सगळ्या रस्त्याला आधी कळू देणं, हे मला कोणी सांगितलं? ज्याला रस्ता दिसत नाही त्याने!

आमच्या रिक्षावाल्यांना मी जन्मभर हसलो की वळताना दिवा सोडून पाय बाहेर काढतात. पण निदान त्यांचा पाय सगळ्यांना दिसतो हो. माझे दोन्ही लपलेले.

तर त्या अंगणात नवी शाळा भरली. काका मागे परीक्षक, टीचर स्टिअरिंगवर आणि मी डावीकडे मांडी घालून, तोंडाने फक्त सूचना देणारा. नियम असा ठरला, की टीचर काय करणार ते काकांनी आधी ओळखायचं. ओळखलं तर मार्क. नाही ओळखलं तर टीचर नापास.

पहिले दोन दिवस चर्चच्या मागच्या मैदानात नुसता क्लच. रेसला पाय लावायचाच नाही. क्लच मुंगीच्या पावलाने सोडायचा. एका जागी गाडीला बारीक थरथर येते, नाक किंचित उचललं जातं, तिथेच पाय थांबवायचा. पुन्हा. पुन्हा. बेडूक, बेडूक, बेडूक. बातमी गावात पसरली. संध्याकाळी मैदानाच्या भिंतीवर टीचरांचे माजी विद्यार्थी ओळीने येऊन बसले. एकेक बाप्या, मिशा, पोटं. गाडी बंद पडली की भिंतीवरून आरोळी, "टीचर, अंगठे धरून उभ्या राहा!"

टीचरांनी काच खाली केली. "कोण रे तो? मार्शल ना? ये इकडे. सतराचा पाढा येतो का आता तरी?"

मार्शल नावाचा तो दणकट गृहस्थ, गावात दोन टेम्पोंचा मालक, भिंतीच्या पलीकडे उतरून दिसेनासा झाला.

तिसऱ्या दिवशी बेडूक गेला. टीचरांनी क्लच सोडला, नाक उचललं, पाय थांबला, आणि गाडी अशी निघाली की मी माझ्या पायांकडे बघितलं. ते मांडीतच होते! सीटवर उडी मारावीशी वाटली, पण डोकं छताला आपटलं असतं. मागून काका म्हणाले, "आता निघाली." नुसते दोनच शब्द. टीचर आरशात बघून लाजल्या हो! साठीच्या बाई, कडक साडी, आणि नवऱ्याने एवढं म्हटल्यावर लाजल्या!

मग रस्त्यावर. काका मागून बोलत राहायचे. "हां, दिवा लावला. टिकटिक ऐकली. आता डावीकडं... वळली. बरोबर. आता पाय हलका केला, पुढं कायतरी हाय. थांबनार. थांबली." कधी टीचर चुकल्या, कोणीतरी आडवं आलं म्हणून गचकन थांबल्या, की मागून फक्त एवढंच यायचं, "करंडी पडली, फिलू." टीचर पुढच्या वेळी दोन विजेचे खांब आधीच पाय हलका करायच्या.

शुक्रवारी पुन्हा विरार. तेच साहेब, तोच इस्त्रीचा शर्ट. ते काही बोलायच्या आत मी बूट हातात घेऊन सीटवर चढलो आणि मांडी घातली. साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. टीचरांनी आरसा बघितला, पट्टा लावला, हात जोडून विरार ते गिरीज सगळ्या क्रूसांचं एकदम केलं, आणि गाडी निघाली.

आठ आकडा मोत्यासारखा. मग चढ. टीचरांनी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. उद्या सकाळी भाचा विमानतळाकडे निघणार होता आणि बस्त्यावकाका हॉस्पिटलच्या वाटेला, आणि या दोन गोष्टींच्या मधे हा एवढासा सिमेंटचा चढ होता. माझे पाय मांडीत असूनही आपोआप दाबायला बघत होते. मी दोन्ही हातांनी दोन्ही अंगठे गच्च धरले. होय, अंगठे! टीचरांच्या गाडीत शेवटी अंगठे धरले ते मीच.

"मुंगीचं पाऊल," टीचर स्वतःशी पुटपुटल्या. थरथर आली. नाक उचललं. पाय थांबला. हँडब्रेक खाली. आणि गाडी एक बोटभरसुद्धा मागे न जाता वर चढली. चढली, चढली आणि पलीकडे उतरली!

"अरे वा!" हे मी नाही, साहेब ओरडले.

मी आनंदाने दार उघडून बाहेर उडी घेतली आणि सरळ खाली बसलो. पायांना मुंग्या आल्या होत्या. मैदानातले इतर मास्तर धावत आले. त्यांना वाटलं, माझा विद्यार्थी नापास झाला आणि मला झटका आला.

साहेब कागदावर सही करत म्हणाले, "मास्तर, आता पाय सोडून बसलात तरी चालेल." मी म्हटलं, "नको साहेब, आता असंच." आणि खरंच, त्यानंतर स्कूल बंद करेपर्यंत माझ्याकडे शेवटचे सात दिवस मास्तर मांडी घालून, हा नियम होता. जुन्या विद्यार्थ्यांनाही निरोप धाडले, की या, तुमचा थोडा अभ्यास राहिलाय, फुकट पुरा करतो. चौघे आले. अन्वरभाई पहिले. म्हणाले, "मास्तर, मला तेव्हाच शंका आली होती. तुमच्या गाडीत पूल चढतो, माझ्या गाडीत चढतच नाही." बाकीचे आले नाहीत. अजून कुठे चढावर एखादी गाडी मागे घसरताना दिसली की माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जातो. चालत असलो तरी.

शनिवारी सकाळी गिरीज. लायसन्सचं कार्ड टपालाने यायचं होतं, म्हणून गाडीला लाल 'एल' लावून मी नियमाप्रमाणे शेजारी. ही त्यांची स्वतःची गाडी. डावीकडे पेडल नाहीत, नुसतं पायपुसणं. तरी मी मांडी घातली. भाचा त्यांच्या पाया पडून सामानासकट विमानतळाकडे निघाला होता. काका मागे बसले, काठी मांडीवर. टीचरांनी पट्टा लावला, हात जोडले.

निघालो. वळणावर दिवा, मग हलका पाय, मग वळण. काका मागून म्हणत होते, "डावीकडं... बरोबर." पार नाक्याच्या अलीकडे एका रिक्षावाल्याने पाय बाहेर काढला आणि दुसऱ्याच क्षणी आडवा घुसला. पण टीचरांनी तो पाय लांबूनच बघितला होता. गाडीचा वेग आधीच उतरला होता. रिक्षा गेली. ब्रेकचा आवाजसुद्धा नाही. मागच्या एसटीने हॉर्न दिला नाही. वसईत एसटीने हॉर्न दिला नाही, लिहून ठेवा!

"करंडी?" टीचरांनी आरशाकडे न बघता विचारलं.

मागून उत्तर नाही.

"बस्त्याव?"

मी घाबरून मागे वळलो. काकांची मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं, काठी घसरून पायाशी. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत डोळा मिटला नाही, तो टेम्पोवाला घोरत होता.

"टीचर," मी कुजबुजलो, "काका झोपले."

टीचरांनी हॉस्पिटलच्या दाराशी गाडी अशी थांबवली की मला ती थांबल्याचं बाहेर बघून कळलं. इंजिन बंद केलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या तशाच बसून राहिल्या, आणि दोन मिनिटं आम्ही कोणीच काकांना उठवलं नाही.

आजही आठवड्यातून तीन सकाळी ती गाडी त्याच वाटेने जाते. मधे टीचरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा आठवडाभर मी चालवायला गेलो. टीचर डोळ्याला हिरवा पडदा लावून शेजारी, काका मागे. मी आता सुधारलेला माणूस. दिवा आधी, पाय हलका, फटीत घुसणं बंद. पहिल्या दिवशी काका दांडा धरून जागे. दुसऱ्या दिवशी जागे. तिसऱ्या दिवशी पार नाका ओलांडला आणि आरशात बघितलं, तर काकांचे डोळे मिटलेले, मान टेकलेली. माझ्या अंगावर रोमांच! सत्तावीस वर्षं शिकवलं, शेवटी पास झालो! मी टीचरांना हळूच कोपराने खुणावलं, "बघा, बघा, झोपले!"

तेवढ्यात मागून आवाज आला.

"झोपलो नाय मास्तर. रोजरी म्हनतोय. तुम्ही पुढं बघा."